परत येण्याचा पुरावा

मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत जगातल्या कुठल्याही देशाचं इमिग्रेशन धोरण समजावून सांगणारा माणूस, असा माझा रत्नागिरीत काही वर्षं लौकिक होता. तो मला कोणी दिला नव्हता, मीच हळूहळू मिळवला होता. कोणाचा मुलगा जर्मनीला निघाला, कोणाचा जावई दुबईत अडकला, की ती मंडळी धक्क्यावर यायची आणि मी घसा साफ करायचो. मी स्वतः तोवर भारताची हद्द एकदाही ओलांडलेली नव्हती. माझ्या पासपोर्टाची सगळी पानं कोरी होती. तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपाटात अशा बंदोबस्तात ठेवला होता.

एवढं ज्ञान आलं कुठून, असं कोणी विचारलं नाही, पण सांगतो. चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यातली शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून. फॉर्म कुठलाही असो, रकान्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला कळतं, असा माझा समज होता. शिवाय घरात थोडी परंपरा होती. माझा एक चुलता बोटीवर खलाशी होता. तो सांगायचा की त्याच्या आधीच्या पिढीतले काही जण विलायतेच्या बंदरात उतरले आणि तिथेच राहिले, कोणी फारसं विचारलं नाही. साम्राज्य त्यांचं, तेव्हा माणसंही त्यांचीच. मग साम्राज्य गेलं, काही वर्षांनी परवाने आले, त्यानंतर व्हिसा आले, आणि ज्या गावात चुलता दुपारचा सहज फिरून यायचा तिथे पुढच्या पोरांना सतरा कागद दाखवावे लागले. मग आखाताची लाट आली. तेव्हा तर आपलंच सरकार उंबऱ्यावर उभं असायचं. दहावी झाली नसेल त्याने नोकरीसाठी आखातात जाण्याआधी सरकारी परवानगी काढायची, करार दाखवायचा, मालक कोण ते सांगायचं. मजूर फसवला जाऊ नये म्हणून ती तजवीज होती. आमच्या आळीतल्या कितीतरी पोरांचे ते कागद मी भरून दिले. त्यांतले काही आता सुट्टीवर येतात तेव्हा मला खजूर आणून देतात, आणि त्या खजुरामुळे माझं डोकं आणखी चढलं.

कॅनडा हा माझा खास विषय, कारण मुलगी तिकडे गेली. या विषयावर मी न थांबता पाऊण तास बोलू शकायचो. एके काळी तो देश माणूस कुठल्या मुलखातला ते बघायचा आणि आपल्यासारख्यांना लांबूनच नमस्कार करायचा. मग त्यांनी ते सोडून दिलं आणि गुणपत्रिका आणली. वयाला गुण, शिक्षणाला गुण, भाषेला गुण, अनुभवाला गुण. आम्हा मराठी मध्यमवर्गाला याहून आवडेल असं धोरण जगात दुसरं नसेल. अख्खा देश म्हणजे बोर्डाची परीक्षा. फरक एवढाच की पास व्हायला किती गुण लागतात ते हे लोक दर थोड्या दिवसांनी बदलतात, आणि तिशी गाठली की दर वाढदिवसाला वयाचे गुण कमी करतात. मुलीच्या तिसाव्या वाढदिवशी आम्ही फोनवर शुभेच्छा दिल्या त्या दुखवट्याच्या आवाजात. मग फ्रेंच येणाऱ्यांना झुकतं माप मिळायला लागलं. ती नोकरी सांभाळून फ्रेंच शिकली. मीही धक्क्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला 'बोंजूर' म्हणायला लागलो, त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही. शेवटी ती तिथली कायमची रहिवासी झाली आणि श्रेय मी घेतलं.

त्यानंतर दीड वर्षाने तिला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून बजावलं होतं. तसं सांगण्याला कारण होतं. आदल्या वर्षी एक मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा जावई कामावर, मुलगी घरात एकटी, जावयाची आई हयात नाही, आणि माझ्या बायकोने ते सगळं रत्नागिरीत ओट्याशी उभं राहून फोनवर ऐकलं होतं. ती तेव्हा रडली नाही. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला मी तिथे असणार." आता ती पुढची खेप आली होती. मुलगी माहेरी येऊ शकत नाही म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख दिली होती. तोवर बायकोला मुलीपाशी पोहोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्याची एक वाट त्या देशात होती. आधी तिला रांग होती. रांग फार लांबली म्हणून चिठ्ठ्या टाकून सोडत काढायला लागले, आणि नंतर नव्या चिठ्ठ्या घेणंच बंद केलं. आईवडिलांसाठीच दुसरा एक लांब मुदतीचा व्हिसा आहे, पण त्याला मुलीजावयाची मिळकत ठरावीक लागते आणि जावयाची नोकरी नुकतीच सुटलेली. राहिला साधा पाहुण्याचा व्हिसा. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मुंबईत एजंट असतात. तुम्ही त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्या ना." मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो.

अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं: का जायचंय, किती दिवस, वगैरे. ते पत्र मी आठ दिवस लिहीत होतो. माझ्या नोकरीतलं सर्वोत्तम टिपणसुद्धा त्याच्यापुढे फिकं पडावं, असं. इंग्रजीत, नम्र आणि सविस्तर. त्यात मी लिहिलं की मुलीचं पहिलं बाळंतपण असून आम्हा उभयतांना अत्यंत आनंद झालेला आहे. माझी पत्नी स्वयंपाक, मालीश, बाळाची आंघोळ, धुणं हे सर्व स्वतः करील, तेव्हा मुलीला बाहेरची बाई ठेवण्याची गरज पडणार नाही. इथे आमचं काहीही अडलेलं नाही. मी निवृत्त आहे, आंब्याची बाग कराराने दिलेली असल्याने तिकडे बघावं लागत नाही, घराची किल्ली शेजारी ठेवण्याची व्यवस्था झालेली आहे. आणि शेवटी, हे वाक्य मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं, की आम्हाला परतण्याची कोणत्याही प्रकारची घाई नसून आपल्या देशाच्या सोयीप्रमाणे आम्ही आमचा मुक्काम ठेवू.

हसू नका. आमच्याकडे कोणी बोलावलं तर असंच बोलायची पद्धत आहे. व्याह्यांच्या दारात पाऊल टाकताटाकताच 'चारच्या एसटीने निघायचंय' म्हणणारा पाहुणा उद्धट समजला जातो. बोलावणाऱ्याने 'राहा चार दिवस' म्हणायचं आणि जाणाऱ्याने 'सवड काढूनच आलोय, तिकडे काही अडलेलं नाही' म्हणायचं. मग दुसऱ्या दिवशी चारच्याच एसटीने निघायचं, तो भाग वेगळा. मला वाटलं, एवढा मोठा देश, त्याच्याशी आपण संगमेश्वरच्या नातेवाइकांपेक्षा कमी नम्रपणे का बोलावं?

सोबत सातबारा जोडला, भाषांतरासकट. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर सतरा सामाईक नावं आहेत, त्यांतले पाच जण वारलेले आणि एकाचा पत्ता नाही. हे मी तळटीप घालून प्रामाणिकपणे नमूद केलं.

अर्ज ऑनलाइन गेला आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला बोलावणं आलं. तिथे माझे ठसे काचेवर बोटं टेकवताच उमटले. बायकोचे उमटेनात. तिथल्या मुलीने तिची बोटं पुसली, दाबून पाहिली, पुन्हा पुसली. आयुष्यभर खोबरं खवून, भांडी घासून, आमसुलं करून त्या बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. चौथ्या खेपेला यंत्राने कसंबसं मान्य केलं. मी बाजूला उभा राहून "अगं, नीट दाब" असं मार्गदर्शन करत होतो. माझ्या बोटांवरची एकही रेघ झिजलेली नव्हती, याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. आज वाटतं.

घरी आल्यावर बायकोने जुन्या सुती साड्या काढल्या आणि दुपटी शिवायला घेतली. बारा दुपटी, सहा टोपडी. अळीव, डिंक, बाळंतशेपा यांची यादी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. मी धक्क्यावर जाहीर केलं की ऑक्टोबरात निघतोय.

नकाराचं पत्र आलं ते गणपतीच्या चार दिवस आधी. मी मूर्तीच्या वर टांगायच्या लाकडी माटवीला आंब्याचे टाळे आणि कांगण्यांची रानफळं बांधत होतो. मुलीचा फोन आला, "बाबा, मेल उघडा." आवाजावरूनच कळायला हवं होतं, पण मी चष्मा लावून ऐटीत वाचायला बसलो. मजकूर थोडकाच होता. मुक्काम संपल्यावर आपण हा देश सोडून जाल याबद्दल माझी खात्री पटलेली नाही. कारणं दोन: आपले कौटुंबिक संबंध आणि आपल्या भेटीचा उद्देश. खाली सहीसुद्धा नव्हती.

मला संताप आला. मी बायकोला सांगितलं की हा आपला अपमान आहे, आपण काय तिकडे बेकायदा राहायला चाललोय, मी वर लिहिणार, थेट राजदूताला लिहिणार. ती ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर ती आत गेली, शिवलेली दुपटी नीट घडी करून तिने कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि मोदकांसाठी नारळ खवायला बसली. राजदूताचा विषय माझ्या तोंडातच विरला.

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे माणसांची वर्दळ असते. आरती झाली की प्रत्येक जण खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून विचारायचा, "मग, कधी निघताय?" मी म्हणायचो, "प्रोसेसमध्ये आहे." हा शब्द मी आयुष्यभर लोकांना तोंडावर मारत आलो होतो. खिडकीच्या अलीकडून तो कसा लागतो ते मला पाच दिवसांत कळलं. गौरी जेवायच्या दिवशी कोणीतरी बायकोला म्हणालं, "मजा आहे बाई तुमची, नातवंड बघायला विमानाने जाणार," तेव्हा तिने त्या बाईच्या पानात आणखी एक घावन वाढलं.

विसर्जन झाल्यावर मी धक्क्यावर गेलो. तिथे माझ्या शेजारी बसणारा एक शाळेपासूनचा मित्र आहे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढलेला. मी सगळ्यांना जग समजावून सांगत असताना, जग पाहिलेला हा माणूस गप्प बसून फुटाणे खायचा. त्या दिवशी माझं तोंड बघून त्यानेच विचारलं. मी सांगून टाकलं. तो म्हणाला, "पत्र काय लिवलं होतंस ते दाखव बघू." मी फोनवर उघडून दिलं. तो डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचत गेला आणि शेवटच्या वाक्याशी आल्यावर त्याचं पोट हलायला लागलं.

"मेल्या," तो म्हणाला, "हा व्हिसाचा अर्ज हाय, की व्याह्याच्या आमंत्रणाला उत्तर?"

"नम्रपणे लिहिलंय," मी म्हणालो.

"परतायची घाई नाय, बाग दुसऱ्याकडं, किल्ली शेजारी. म्हणजे तू चूल विझवून निघालास. सायब दुसरं काय समजणार? आणि ही बाई ठेवायला नको, ती बाई ठेवायला नको. त्याला वाटलं असंल, म्हातारी कामाला चाललीय."

तो फुटाण्याची पुडी माझ्यापुढे धरून बोलत राहिला, आता हसत नव्हता. "आमची बोट बंदराला लागली की आमाला गावात फिरायला पास द्यायचे. का देत होते, ठाऊक हाय? खाली बोट उभी असायची. सामान बोटीवर, पगार बोटीवर. बोट सुटायच्या आत हा माणूस मुकाट्यानं परत येणार, ही त्यांना खात्री. सायब तेवढंच बघतो. तू कसा हायस, मनानं किती चांगला हायस, ते त्याला नको असतंय. तुझी बोट कुठं उभी हाय, ते दाखव त्याला."

घरी येताना मी तेच घोकत होतो. कचेरीत मी स्वतः माणसांना हेच करत आलो होतो. कोणी कितीही कळवळून बोलला तरी मी विचारायचो, कागद कुठाय? आणि दुसऱ्याच्या खिडकीशी उभं राहिल्यावर मात्र मी कागदाच्या जागी कळवळा ठेवून आलो होतो. चौतीस वर्षांत एवढी साधी चूक कुठल्या अडाणी माणसाने केली असती तर मी ती धक्क्यावर नक्कल करून सांगितली असती.

जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. आपली बोट कुठली, यावर विचार करू म्हटलं. बाग दाखवावी, तर ती सतरा जणांची. नोकरी नाही. मुलगी एकच, आणि तीही तिकडे. घर आहे, पण घर कोणाला ओढून आणत नाही. मी बोटांवर मोजत होतो. बायको ताकाची वाटी पुढे सरकवत म्हणाली, "मी एकटी जाते. तुम्ही इथे राहा."

मला आधी अर्थच लागला नाही.

"नवरा इथे आहे म्हटल्यावर बायको परत येणारच की," ती म्हणाली. "दुसरा कसला पुरावा हवाय त्यांना?"

मी हरकती घ्यायला सुरुवात केली. तिला इंग्रजी येत नाही. विमानात ती कधी बसलेली नाही. मध्ये एकदा विमान बदलावं लागतं. मोबाइलचा आवाजसुद्धा तिला मोठा करता येत नाही. ती शांतपणे जेवत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "मला काय तिकडे इंग्रजीत न्हाऊ घालायचंय?"

मला जायचं होतं. हे इथे सरळ लिहितो, कारण तेव्हा बोललो नाही. धक्क्यावरच्या भाषणांसाठी नव्हे, त्या पोराला हातात घ्यायचं होतं म्हणून. मुलगी झाली तेव्हा मी कचेरीत निवडणुकीच्या कामाला जुंपलेला होतो आणि तिला पहिल्यांदा पाहिलं ते अकराव्या दिवशी. या वेळी मी दारात उभा असणार, असं मनाशी ठरवलं होतं. पण दोघांनी जायचं म्हटलं तर दोघंही राहणार, आणि एक राहिला तरच एक जाणार, हा हिशेब इतका सोपा होता की हेडक्लार्कलाही कळला. डिसेंबर जवळ येत होता. मी ताक प्यायलो आणि म्हटलं, बरं.

दुसरं पत्र तिने सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. तिचं पत्र एका पानात संपलं. मुलीचं बाळंतपण आहे, आधी एक मूल गेलं आहे, मला तिच्यासोबत असायचं आहे. मे महिन्यात अमुक तारखेला परत येईन. मग ती म्हणाली, "लिहा. माझे पती रत्नागिरीत एकटे राहणार आहेत. त्यांना साखर आहे. त्यांना भातसुद्धा लावता येत नाही."

"हे काय लिहायचं?" मी म्हणालो.

"लावता येतो का?"

मी लिहिलं. फॉर्मच्या सोबत कुटुंबाची माहिती द्यावी लागते. आजवर मी हजारो फॉर्मांत 'अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती' या मथळ्याखाली लोकांची म्हातारी आणि लहानगी माणसं घातली होती. त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने तिथे माझं नाव टाईप केलं. वय एकसष्ट, नातं पती. माझी वैद्यकीय चिठ्ठी जोडली, त्यात डॉक्टरांनी पथ्याचं जेवण वेळेवर हवं असं लिहिलं होतं. सातबारा जोडला नाही. सगळे कागद एकत्र करून पाहिले तेव्हा लक्षात आलं की या अख्ख्या गठ्ठ्यात खरा दस्तऐवज मी आहे, आणि तो कामाचा ठरावा यासाठी मी एवढंच करायचं आहे की जागचं हलायचं नाही.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. मुलगी रोज विचारायची, मग विचारायची बंद झाली. बायकोने कपाटाचा वरचा खण उघडला नाही. मी दिवसातून वीस वेळा मेल बघायचो आणि वीसही वेळा तिला सांगायचो की आला नाही, जणू ती विचारत होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मेल आला: पासपोर्ट पाठवा. एवढंच. याचा अर्थ व्हिसा मंजूर. मी तो मेल दोनदा वाचला, मग बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघून खुर्चीत बसली आणि रडली. आदल्या वर्षीचं रडणं तिने तेव्हा रडून घेतलं, असं मला वाटतं.

मुंबईच्या विमानतळावर मला दारापर्यंतच जाता आलं. आत तिकीट असलेल्यालाच सोडतात. मी तिच्या गळ्यात एक पाकीट अडकवलं होतं, त्यात बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर इंग्रजी वाक्य आणि खाली देवनागरीत उच्चार. कुठल्या खिडकीवर कुठली दाखवायची याचे क्रमांक. ती दोनदा वळून बघेल असं मला वाटलं होतं. एकदाच बघितलंन, तेही ढकलगाडीचं चाक अडकलं म्हणून.

तिकडे उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, किती दिवस राहणार? तिने माझी एकही चिठ्ठी काढली नाही. "मे," ती म्हणाली. "हजबंड अलोन. नो कुकिंग." तो हसला आणि त्याने शिक्का मारला. हे मला मुलीने सांगितलं, तिला हसू आवरत नव्हतं. नऊ दिवसांनी नात झाली. बायको त्या वेळी तिच्या उशाशी होती.

मग मी रत्नागिरीत एकटा राहिलो, अर्जात लिहिल्याप्रमाणे. भात लावायला शिकलो. पहिल्या आठवड्यात दोन पातेली जाळली आणि ती मागच्या परसात केळीखाली पुरली, कारण शेजारीण उगाच कॅनडाला कळवील. रोज संध्याकाळी तिकडची सकाळ व्हायची आणि फोनवर नात दिसायची. दुपट्यात गुंडाळलेली, टोपडं घातलेली, कधी झोपलेली, कधी माझ्याकडे नाही तर माझ्या मागच्या ट्यूबलाइटकडे बघणारी. मी फोनला तोंड लावून मोठ्याने बोलायचो. धक्क्यावर लोक विचारायचे, तुम्ही नाही गेलात? मी सांगायचो, इथली कामं होती. मित्र फुटाणे खात गप्प बसायचा, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ती मे महिन्यात ठरल्या तारखेला परत आली. मुलीने मुदत वाढवायचा अर्ज करूया म्हणून बराच आग्रह केला होता, असं मला नंतर कळलं. मी बायकोला विचारलं, का नाही राहिलीस? ती म्हणाली, "लिहून दिलं होतं ना आपण." आणि माझी शर्टाची कॉलर नीट करून म्हणाली, "वाळलायत."

आता मुलगी, जावई आणि नात गणपतीला यायचं म्हणतायत. नात तिथे जन्मली, म्हणून जन्मतःच तिथली नागरिक. आमच्या घरात तो पासपोर्ट असलेली ती पहिलीच. मात्र रत्नागिरीला यायचं तर तिला आपल्या देशाचा व्हिसा हवा, आणि त्याचा फॉर्म पुन्हा माझ्याकडेच आला. "बाबा, तुम्हीच भरा," मुलगी म्हणाली. एजंटचं नावसुद्धा काढलं नाही. मी टेबलाशी बसलो, चष्मा लावला. यापूर्वी भारतात आला होता का? नाही. भेटीचा उद्देश: नातेवाइकांना भेटणे. भारतात कोणाकडे उतरणार? मी माझं नाव आणि पत्ता घातला. एका सहा महिन्यांच्या पोरीचा यजमान म्हणून सरकारदरबारी माझी नोंद झाली, आणि छाती जरा फुगली. पुढचा रकाना होता, शरीरावरची ओळखीची खूण.

मी थांबलो. सहा महिने तिला रोज पाहिली होती, पण फोनच्या काचेत मावेल तेवढीच. मी बायकोला हाक मारून विचारलं. ती जमिनीवर बसून गरे सोलत होती, हात चिकाने भरलेले. तिने वर न बघता दोन्ही पाय लांब केले, जणू नाहणीत बसून पोर पायांवर पालथी घेतलीय, आणि कोपराने आपल्याच नडगीच्या वरच्या बाजूला एक जागा दाखवली.

"डाव्या खांद्याच्या मागे," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढा तीळ आहे. पाणी घातलं की काळा दिसतो, एरवी तांबूस."

मी लिहून घेतलं.